पिअर क्युरी : शाळेत कधीच न गेलेले शिक्षक



मादाम क्युरींची गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगतो. रेडियमचा शोध, गळक्या शेडमधले कष्ट, दोन नोबेल पारितोषिके. या गोष्टीत पिअर क्युरी हे नाव बहुतेक वेळा 'मेरीचे पती' एवढ्याच ओळखीने येतं आणि लगेच अपघातात संपूनही जातं. आजचा लेख त्यांच्यावर आहे.

त्यांच्यावर लिहावंसं वाटण्याची दोन कारणं आहेत. पहिलं कारण, ते लहानपणी 'मंद' वाटणाऱ्या मुलांपैकी होते. अशी दोन-चार मुलं आपल्या प्रत्येक वर्गात असतात. दुसरं कारण, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी मोठ्या भावाच्या साथीने लावलेला शोध आज आपल्या स्वयंपाकघरात आणि मनगटावर आहे. कापडाच्या रंगाने खराब झालेलं पाणी स्वच्छ करण्यासाठीही आता तो प्रयोगशाळांतून वापरून पाहिला जातोय.

घर हीच शाळा

पिअर यांचा जन्म 15 मे 1859 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील युजीन क्युरी डॉक्टर होते. त्यांना संशोधनाची मनापासून आवड होती, पण संसार चालवायचा म्हणून डॉक्टरकी करावी लागली. घरची स्थिती बेताची. पिअरचा मोठा भाऊ जाक साडेतीन वर्षांनी मोठा. दोघांचं सख्य इतकं की पुढे प्रयोगही दोघांनी मिळूनच केले.

पिअर हा स्वतःतच रमणारा मुलगा होता. एका गोष्टीत मन गुंतलं की दुसरीकडे वळवणं त्याला जमत नसे. तासाची घंटा झाली की भाषा मिटायची आणि गणित उघडायचं, हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं. आईवडिलांच्या हे लवकर लक्षात आलं. त्यांनी त्याला शाळेत घातलंच नाही. सुरुवातीला आई, मग वडील आणि थोरला भाऊ यांनी घरीच शिकवलं. मुलगा रानोमाळ भटकायचा, झाडपाला आणि प्राणी गोळा करून आणायचा, तासन्‌तास निरीक्षण करायचा. 1871 मध्ये पॅरिसमध्ये बंडाळी झाली, तेव्हा डॉक्टर क्युरींनी घरातच जखमींवर उपचार सुरू केले. दोन्ही मुलं जखमींना घरापर्यंत आणायला मदत करत. पिअर तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता.

चौदाव्या वर्षी त्याला गणिताचे एक चांगले शिक्षक मिळाले. इथे गाडी एकदम रुळावर आली. भूमितीत त्याची बुद्धी विलक्षण चालू लागली. सोळाव्या वर्षी तो शालान्त परीक्षा पास झाला आणि अठराव्या वर्षी सोरबोन विद्यापीठाची भौतिकशास्त्राची पदवी त्याच्या हातात होती. पुढच्या वर्षी तिथल्याच प्रयोगशाळेत तो साहाय्यक म्हणून लागला. डॉक्टरेट करायला मात्र पैसे नव्हते. ती पुढे बरीच वर्षं लांबली.

एक गोष्ट स्पष्ट करते. मुलांना शाळेत घालू नका, असा याचा अर्थ कुणी काढू नये. क्युरींच्या घरात शिकवणारे आईवडील होते, पुस्तकं होती. शाळा नसती तर आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांना हातात पुस्तकही मिळालं नसतं. घेण्यासारखं आहे ते एवढंच की, मुलाची गती ओळखून त्याला वेळ देणारं कुणीतरी मोठं माणूस त्याच्या पाठीशी होतं.

दोन भाऊ आणि स्फटिकाचा तुकडा

जाक त्या वेळी खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. टुर्मलीन नावाचा एक स्फटिक तापवला की राखेचे कण ओढून घेतो, म्हणजे त्याच्यावर विद्युतप्रभार येतो, ही गोष्ट लोकांना दीडशेहून अधिक वर्षं माहीत होती. पण हे का होतं, याचा नीट उलगडा झालेला नव्हता.

दोन्ही भावांनी विचार केला तो स्फटिकाच्या आकाराचा. इथे पिअरची भूमिती कामाला आली. स्फटिकातल्या कणांची मांडणी सगळीकडून सारखी असेल, तर वीज एकाच बाजूला कशाला जमेल? मांडणीतच कुठेतरी सममिती कमी असली पाहिजे. आणि तसं असेल, तर तापवण्याऐवजी नुसतं दाबलं तरी कण सरकतील आणि वीज दिसेल.

त्यांनी टुर्मलीन, क्वार्ट्झ, पुष्कराज, रोशेल सॉल्ट यांचे स्फटिक ठरावीक दिशेने कापले. दोन बाजूंना कथलाचा पातळ वर्ख लावला, तो विद्युतमापकाला जोडला आणि वरून वजन ठेवलं. मापकाचा काटा हलला. वजन काढलं, तर काटा उलट दिशेला गेला. यातला क्वार्ट्झ म्हणजे आपल्या रानात सापडणाऱ्या पांढऱ्या गारेचाच शुद्ध, पारदर्शक भाऊ. त्यांच्या यादीत उसाच्या साखरेचा स्फटिकही होता, म्हणजे आपली खडीसाखरच! हे मुलांना सांगा, त्यांचे डोळे चमकतात.

हे वर्ष होतं 1880. पिअर 21 वर्षांचा, जाक 24 वर्षांचा. दाबामुळे निर्माण होणाऱ्या या विजेला पुढे पीझोइलेक्ट्रिसिटी हे नाव मिळालं. दाबणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आलं आहे. मराठीत आपण तिला दाबविद्युत म्हणतो.

दुसऱ्याच वर्षी गाब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की याच्या उलटही घडलं पाहिजे. म्हणजे स्फटिकाला वीज दिली तर त्याचा आकार किंचित बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी 1881 मध्ये तेही प्रयोगाने सिद्ध केलं. आता दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या. दाबातून वीज मिळते, आणि विजेतून हालचाल. पुढे पाण्याच्या भांड्यापाशी पोहोचू तेव्हा या दोन्ही वाटा पुन्हा लागतील, म्हणून लक्षात ठेवा.

मुलांना हे कसं समजवायचं?

मैदानावर फक्कीने एक गोल आखा. सहा मुलांना सारख्या अंतरावर उभं करा. एकाआड एक लाल आणि पांढऱ्या टोप्या द्या. लाल म्हणजे धन प्रभार, पांढरी म्हणजे ऋण. तीन लाल टोप्यांचा मध्य गोलाच्या मधोमध येतो आणि तीन पांढऱ्यांचा मध्यही तिथेच येतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून बाहेर वीज दिसत नाही.

आता एका लाल टोपीवाल्याला दोन पावलं आत यायला सांगा. त्याच्या बरोबर समोर पांढरी टोपी असेल, तिलाही दोन पावलं आत घ्या. गोल दाबला गेला. लालांचा मध्य एका बाजूला सरकला, पांढऱ्यांचा दुसऱ्या बाजूला. एका अंगाला धन, दुसऱ्या अंगाला ऋण. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या कणांचं ढोबळमानाने हेच होतं.

मग घरचं उदाहरण द्या. गॅसचा लायटर दाबला की 'टक' आवाज होऊन ठिणगी पडते. त्यात सेल नसतो. आतली छोटी हातोडी दाबविद्युत पदार्थाच्या तुकड्यावर आदळते आणि क्षणभर हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. घड्याळात याच्या उलट घडतं. सेलची वीज क्वार्ट्झच्या चिमुकल्या तुकड्याला मिळते आणि तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. त्या कंपनांवरून सेकंद मोजले जातात.

जिन्याजवळच्या बोळात बावीस वर्षे

1882 मध्ये पॅरिस नगरपालिकेने औद्योगिक भौतिकी आणि रसायनाची एक नवी शाळा काढली. पिअर तिथे प्रयोगशाळाप्रमुख म्हणून रुजू झाले. जाक लवकरच मोंपेलिए येथे अध्यापक म्हणून गेले आणि भावांची जोडी फुटली.

या शाळेत पिअर बावीस वर्षे होते. पगार कारखान्यातल्या कुशल कामगाराइतका. विद्यार्थ्यांचे प्रयोग लावून देणे, साधने दुरुस्त करणे, शिकवणे यातच दिवस जाई. स्वतःच्या संशोधनाला खोली नव्हती. जिना आणि प्रयोगखोली यांच्यामधल्या बोळात त्यांनी आपली मांडणी केली होती. बढतीसाठी कुणाकडे शब्द टाकायचा नाही, सन्मानासाठी अर्ज करायचा नाही, हा स्वभाव. त्यामुळे बारा-तेरा वर्षे ते त्याच पदावर राहिले.

पण त्याच बोळात काय काय झाले पाहा. स्फटिकांतील सममितीचे नियम त्यांनी मांडले. कारणात जी सममिती असते ती परिणामात उतरते, आणि परिणामात सममिती मोडलेली दिसली तर ती कारणातही कुठेतरी मोडलेली असते, हे 1894 चे त्यांचे तत्त्व भौतिकशास्त्रात आजही त्यांच्या नावाने शिकवतात. तापमान वाढवत नेले की लोखंडाचे चुंबकत्व कसे बदलते यावर त्यांनी काम केले. ठरावीक तापमानापलीकडे लोखंड चुंबकासारखे वागेनासे होते. या तापमानाला आज क्युरी तापमान म्हणतात. हे काम त्यांनी 1895 मध्ये डॉक्टरेटसाठी सादर केले. वय तेव्हा 35.

मेरी आणि मोजमापाचं यंत्र

1894 च्या वसंतात त्यांची भेट मारिया स्क्लोडोव्स्का या पोलिश विद्यार्थिनीशी झाली. 26 जुलै 1895 रोजी दोघांनी साध्या पद्धतीने लग्न केले. भेटीदाखल आलेल्या पैशातून दोन सायकली घेतल्या आणि फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून भटकून आले.

मेरी यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचा. हे किरण हवेतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहू देतात. तो मोजायचा कसा, हाच मोठा प्रश्न होता. त्या वेळच्या साध्या साधनांनी तो भरवशाने पकडता येत नव्हता.

इथे सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा तो क्वार्ट्झ धावून आला. दोन्ही भावांनी क्वार्ट्झची पातळ पट्टी टांगून एक यंत्र बनवलेले होते. पट्टीला पारडे लावायचे आणि त्यात वजन ठेवायचे. पट्टी ताणली की नेमका ठरावीक प्रभार तयार होतो. किरणांमुळे जमणारा प्रभार आणि पट्टीचा प्रभार एकमेकांना तोलून धरायचे, काटा शून्यावर ठेवायचा आणि त्याला किती सेकंद लागले ते मोजायचे. आपल्या भाजीवाल्याच्या तराजूसारखेच की, फक्त एका बाजूला वीज!

या तराजूवर मेरी यांनी एकेक खनिज तोलले. पिचब्लेंड नावाचे खनिज युरेनियमपेक्षा जवळपास चौपट सक्रिय निघाले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेले होते. पिअर आपले स्फटिकांचे काम बाजूला ठेवून मेरींच्या कामात उतरले. जुलै 1898 मध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झाले. पुढे गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिजाचा चोथा उकळून 1902 मध्ये मेरींनी शुद्ध रेडियम क्लोराईड मिळवले, ते ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढे.

मादाम क्युरींची गोष्ट सांगताना हा दुवा मुलांना जरूर सांगा. ज्या शोधाचा 1880 मध्ये कुणालाही काही उपयोग दिसत नव्हता, त्याच्याशिवाय रेडियमकडे जाणारं पहिलं बोट दिसलंच नसतं.

कीर्ती आणि शेवट

1903 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पिअर, मेरी आणि आंरी बेकेरेल यांना मिळून मिळाले. रेडियम तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट क्युरी दांपत्याने घेतले नाही. ते ज्ञान सर्वांचे आहे, असे त्यांनी मानले. सरकारने मानाचे पदक देऊ केले, ते पिअर यांनी नाकारले आणि पदकाऐवजी प्रयोगशाळा हवी असे कळवले. 1904 मध्ये ते सोरबोनमध्ये प्राध्यापक झाले. मनासारखी प्रयोगशाळा मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

रेडियमचा त्वचेवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या दंडावर बांधून घेतले होते. त्याची जखम भरायला कित्येक आठवडे लागले. पायदुखीने ते हैराण असत. 1905 मध्ये स्टॉकहोमला नोबेलचे भाषण देताना त्यांनी एक प्रश्न उपस्थित केला. निसर्गाची गुपिते समजून घेणे माणसाच्या हिताचे आहे का, की चुकीच्या हाती ती घातक ठरतील? नव्या शोधांतून वाईटापेक्षा चांगले जास्त निघेल, असा आपला विश्वास त्यांनी शेवटी व्यक्त केला.

19 एप्रिल 1906. पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. दोफीन रस्ता ओलांडताना ते घसरले आणि मालाने भरलेल्या घोडागाडीचे चाक त्यांच्या डोक्यावरून गेले. वय अवघे 46. मोठी मुलगी इरेन आठ वर्षांची, धाकटी एव्ह दीड वर्षाचीही नव्हती. नोव्हेंबरमध्ये मेरी त्यांच्या जागी वर्गात उभ्या राहिल्या आणि पिअर यांनी जिथे सोडले होते तिथून त्यांनी पुढे शिकवायला सुरुवात केली.

पाण्याच्या भांड्यात काय चाललंय?

गोष्ट इथे संपत नाही. पिअर यांचे त्या नगरपालिकेच्या शाळेतले एक विद्यार्थी होते पॉल लांजव्हँ. पहिल्या महायुद्धात समुद्रातल्या पाणबुड्या शोधण्यासाठी त्यांनी क्वार्ट्झला वीज देऊन तो थरथरवला आणि पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडला. गुरूंचा 1881 चा प्रयोग असा कामाला आला. आजची सोनोग्राफी याच वाटेने पुढे आली.

आता प्रदूषणाकडे येऊ. कापड रंगवताना वापरलेल्या रंगांचा काही भाग पाण्यात जातो. औषधांचे अंशही पाण्यात येतात. हे सेंद्रिय रेणू बरेचदा इतके चिवट असतात की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंनाही ते पचत नाहीत. अशा रेणूंना तोडायचं कसं?

2010 च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एक प्रयोग झाला. दाबविद्युत पदार्थाचे सूक्ष्म तंतू पाण्यात टाकून श्राव्यातीत ध्वनीने हलवले, तेव्हा पाण्याचंच विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले. 2012 मध्ये त्यांनी याच पद्धतीने पाण्यातला नारिंगी रंग उडवून दाखवला. तेव्हापासून जगभर यावर काम चालू आहे. अशा पदार्थांना दाबविद्युत उत्प्रेरक म्हणतात. बेरियम टायटनेट आणि झिंक ऑक्साईड हे त्यातले दोन नेहमीचे. झिंक ऑक्साईड म्हणजे अंगाला लावायच्या कॅलामाईन लोशनमधली पांढरी पूड.

काम कसं चालतं ते पाहा. ध्वनीच्या लाटांनी पाण्यातला प्रत्येक कण दाबला जातो आणि सुटतो. दाबला की एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार येतो, आपल्या टोप्यांच्या गोलासारखाच. ऋण बाजूला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. धन बाजूला पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. हे मूलक फार थोडा वेळ टिकतात, पण समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतात. प्रक्रिया शेवटपर्यंत गेली तर कार्बन डायऑक्साईड, पाणी आणि काही साधे क्षार एवढंच उरतं. सूर्यप्रकाशाची गरज नाही, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि अंधारातही हे चालू शकतं.

त्या एका भांड्यात पिअर क्युरींचं अर्धं आयुष्य आहे. ध्वनी निर्माण करणारं उपकरण बहुतेक वेळा 1881 च्या शोधावर चालतं. पाण्यातली भुकटी 1880 च्या शोधावर. कोणता स्फटिक चालेल आणि कोणता नाही, हे सममितीवरून ठरतं. आणि बेरियम टायटनेट साधारण 120 अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की त्याचा हा गुण जातो. त्या तापमानालाही क्युरी तापमानच म्हणतात.

मुलांना सांगताना अडचणीही सांगा, नाहीतर विज्ञान म्हणजे जादू असं त्यांना वाटतं. ध्वनी निर्माण करायला वीज लागते, म्हणजे खर्च आला. बारीक भुकटी पाण्यातून परत गाळून काढावी लागते. शिवाय रंग उडाला म्हणजे विष गेलं असं नाही. रेणू अर्धवट तुटला तर पाणी स्वच्छ दिसेल, पण तुकडे त्यात राहतील. म्हणून संशोधक नुसता रंग पाहत नाहीत, पाण्यात किती सेंद्रिय कार्बन उरला तेही मोजतात. वाहत्या पाण्याच्या किंवा ढवळण्याच्या जोरावरच ही भुकटी दाबता येईल का, याचाही शोध चालू आहे. बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

आपल्यासाठी

या गोष्टीवर वर्गात तीन कामं घेता येतील. टोप्यांचा गोल मैदानावर करून घ्या. लायटर आणि घड्याळ यांत दाबातून वीज कुठे आणि विजेतून हालचाल कुठे, हे मुलांना ओळखू द्या. लायटर मात्र शिक्षकांनीच हाताळावा, गॅसपासून दूर. आणि मोठ्या मुलांना विचारा, पाणी नितळ दिसतं म्हणजे ते पिण्यालायक असतं का? यावर चर्चा छान रंगते.

पालकांसाठी एवढंच. एखादं मूल एकाच गोष्टीत अडकून राहतं, बाकीचे पुढे गेले तरी तिथेच बसतं, तेव्हा आपला जीव खालीवर होतो. ते स्वाभाविक आहे. अशा वेळी ते नेमकं कशात अडकलंय, हे शेजारी बसून एकदा पाहा. डॉक्टर युजीन क्युरींनी तेवढं केलं होतं. पुढचं पिअरने केलं.